चाकूरला थांबणारी अंगाई

माणिककाका स्वतःच्या घरात वळण घेतानासुद्धा हॉर्न देतात. तोंडानं. बैठकीतून स्वयंपाकघरात जायचं असलं की दाराच्या अलीकडं उभं राहून ‘पोंऽऽप, पोंऽऽप’ करायचं, मगच आत. समोरून शांताकाकू परात घेऊन आल्या तर काका भिंतीला अंग चिकटवून त्यांना साइड देतात आणि हात बाहेर काढून ‘चला, चला’ करतात. मोरीत जाताना हॉर्न, मोरीतून निघताना हॉर्न.

मी एकदा काकूंना विचारलं, "काकू, तुम्हाला ह्याचा वैताग येत नाही?"

काकू तूर निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एकदा रुसून बसले होते, हारन न देता आत आले. माझ्या हातातल्या वरनाच्या पातेल्याला धडकले. तवापासून मीच म्हन्ले, वाजवत जावा बाप्पा."

माणिककाका म्हणजे आमचे घरमालक. लातूरला त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहतो. काकांनी जन्मभर एसटीची लातूर-नांदेड लाल गाडी चालवली. संध्याकाळी लातूरहून निघायचं, नांदेडला मुक्काम, सकाळी परत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण काका अजून सीटवरून उतरलेले नाहीत. खुर्चीत बसले की डावा पाय सारखा वर-खाली. तो क्लच. बोलता बोलता मधूनच डावीकडं वर बघतात. तिथं आरसा असायचा, आता पंख्याचं बटण आहे. जेवायला बसले की काकूंनी ताटावर चमचा दोनदा वाजवल्याशिवाय पहिला घास उचलत नाहीत. कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ. एकदा काकूंची बहीण पाहुणी आली होती. आमटी वाढताना तिचा डाव ताटाला एकदाच लागला, टण्ण. काका घास हातात धरून तसेच बसून राहिले. ती बिचारी घाबरून विचारायला लागली, "दाजी, मीठ कमी झालं का?"

आणि टाइमटेबल. त्याच्यापुढं काकांना देवसुद्धा लहान. दूधवाल्याला उशीर झाला की काका त्याला फाटकातच अडवायचे.

"लेट कामून?"

"काका, म्हैस जरासक..."

"म्हैस न्हाई. कारन सांग. पंचर, ब्रेकडाउन, का रस्ता बंद?"

दूधवाला आता शिकलाय. मोटारसायकल थांबवायच्या आधीच लांबून ओरडतो, "ब्रेकडाउन!" काका मान हलवून पातेलं पुढं करतात.

आता माझं थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी रेणापूरकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझी आई आजही दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते आणि सोबतच्या बायकांना सांगते, ‘माझी लेक बीएस्सीबीएड हाय’, एका दमात, जणू ते माझं आडनाव आहे. ही नोकरी मला कुणी ओवाळणीत घातली नाही. त्यामुळं, माझ्या सम्यकचा जन्म झाल्यावर नात्यातल्या बायका सांगायला लागल्या, "सोड की आता वरीस-दोन वरीस. लेकरापरीस नोकरी मोठी का?" तेव्हा मी सरळ बोलले, "लेकरूही माझं आणि नोकरीही माझी. दोन्ही सांभाळते. तुम्ही चहा घ्या."

बोलायला बोलले. पण जूनमध्ये शाळा उघडणार होती आणि सम्यक झोपत नव्हता.

झोपत नव्हता म्हणजे दुपारी नाही, संध्याकाळी नाही. खांद्यावर टाकून गॅलरीत फेऱ्या मारल्या की डोळे मिटायचे. गादीला पाठ टेकली की उघडायचे. नवरा, विनोद, मुदखेडला नोकरीला. शनिवारी येणार, सोमवारी पहाटे पळणार. आईला रानातलं काम सोडून फार दिवस राहता येत नव्हतं. शांताकाकू म्हणाल्या होत्या, "तू बिनघोर शाळेत जा, मी बगते लेकराला." पण जो माझ्याजवळ झोपत नव्हता, तो काकूंजवळ दिवसभर काय करणार? रडून रडून आजारी पडला असता. म्हणजे शाळा उघडायच्या आत सम्यक माझ्याशिवाय झोपायला शिकला तर नोकरी राहणार. नाहीतर चहा पिऊन गेलेल्या त्या बायका खऱ्या ठरणार. मला ह्या विचारानं बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. भाजी फोडणीला टाकून मी कपडे वाळत घालायला जायची आणि कपडे तसेच ठेवून भाजीकडं पळायची.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "रोज त्याच वेळी, त्याच क्रमानं करा. मालिश, आंघोळ, दूध, खोलीत अंधार आणि एखादा एकसुरी, हळू आवाज. पोटात असताना त्यानं सतत घूं-घूं ऐकलेलं असतं. एकदम शांतता झाली की बिचकतात मुलं. फोनवर मिळतात असले आवाज. फक्त मोठा लावू नका, कानाजवळ ठेवू नका." मला पटलं. मी मोठ्या कागदावर सगळं वेळेसकट लिहून काढलं आणि भिंतीला चिकटवलं. मालिश केली, आंघोळ घातली, दूध पाजलं, पडदे ओढले आणि फोनवर पावसाचा आवाज लावला.

सम्यक ऐकत राहिला. पापण्या जड व्हायला लागल्या. मी श्वास धरून बसले. आणि पाऊस मधेच थांबून एक बाई किंचाळली, "कंबरदुखीनं हैराण आहात?"

जाहिरात. सम्यक असा दचकला की मीच घाबरले. त्याला शांत करून समुद्राच्या लाटा लावल्या. लाटांमधून ट्रॅक्टरचं कर्ज निघालं.

त्या रडण्यावर काका वर आले. जिन्याच्या वळणावर हॉर्न देऊन.

"काय लावलंय हे?"

"लाटा, काका. आधी पाऊस होता. असल्या आवाजानं मुलं झोपतात."

काकांनी फोनकडं बघितलं, मग सम्यककडं. "पोरी, लातूरचं लेकरू हाय हे. पाऊस ह्याच्या वळखीचा तरी हाय का?"

मी चिडून काही बोलणार, तेवढ्यात त्यांची नजर भिंतीवर गेली. "आन हे काय?"

"सम्यकचं वेळापत्रक."

काकांनी चष्मा पुसला, परत लावला आणि कागदाजवळ गेले. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचलं. मालिश. आंघोळ. दूध. अंधार. झोप. मग वळून माझ्याकडं बघितलं. माझा बी.एड.चा निकाल लागला तेव्हासुद्धा माझ्याकडं कुणी इतक्या मानानं बघितलं नव्हतं.

"टाइमटेबल हाय की हे! आदी सांगायचं न्हाई का? आन गाडी लेट हाय तुमची. आना हिकडं."

काका भिंतीपासून थोडं पुढं सरकून मांडी घालून बसले. मांडीवर उशी, उशीवर सम्यक. दोन्ही हात गोल पुढं धरले, स्टिअरिंगवर. सम्यक त्या गोलाच्या मधोमध. त्यांनी डावीकडं वर बघितलं, घसा खाकरला आणि किल्ली फिरवली.

घर्र... घर्र... घर्रर्र... घुंऽऽऽ.

मी विज्ञान शिकवते, आवाज कसा तयार होतो ते मुलांना फळ्यावर काढून दाखवते. पण माणसाच्या छातीतून अख्खी लाल गाडी निघू शकते हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पहिला गिअर, दुसरा, मधे तो दात चावल्यासारखा खर्रक्, मग तिसऱ्यात गाडी स्थिर झाल्यावरचा तो लांब, जाड, न संपणारा घुंकार. काकांची छाती थरथरत होती आणि ती थरथर उशीतून लेकरापर्यंत जात होती. सम्यकचं रडणं आधी उचकीवर आलं. मग तो काकांच्या हनुवटीकडं बघायला लागला. आष्टामोडला गाडी थांबून निघाली तेव्हा डोळे अर्धे झाले होते. पुढच्या चढाला काकांनी गिअर खाली टाकला आणि सम्यक झोपला.

मी हळूच उठले. त्याला उचलून गादीवर ठेवायचं, बास.

तेवढ्यात ‘च्चस्स्स’ झालं. ब्रेक. आणि इंजिन बंद.

त्या शांततेत सम्यकनं डोळे उघडले, सगळीकडं बघितलं आणि असा टाहो फोडला की खालून काकू धावत आल्या.

"काका! बंद कामून केली?"

"चाकूर आलं."

"मग?"

"मग काय मग? चाकूरला ष्ट्यांडात लागती गाडी. लोकं पानी पितेत."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. बारक्या थांब्यांवर गाडी नुसती थांबून निघायची, ते सम्यकला चालायचं. पण चाकूरच्या स्टँडात गाडी लागून बंद झाली की तो जागा. मी हात जोडले.

"काका, चाकूर सोडून द्या ना. विनाथांबा करा."

काकांचा डावा पाय जागच्या जागी थांबला. मी त्यांचा पाय थांबलेला पहिल्यांदा बघितला.

"विनाथांबा?" ते म्हणाले. "पोरी, माझी साधी गाडी. बोट दावलं की थांबनारी. तिथं म्हातारी गठुडं घेऊन उभी हाय, आन मी तिच्या तोंडावर धूळ उडवून जाऊ?"

"काका, तिथं कुणी म्हातारी नाहीये."

"तुला काय म्हाईत?"

मी सम्यकला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"बरं, थांबा तुम्ही. पण इंजिन चालू ठेवून थांबा."

हे तर त्याहून वाईट निघालं. काका उठले, खाली गेले आणि भिंतीवरची एक फ्रेम काढून घेऊन आले. कमी डिझेल जाळल्याबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्र. काचेवरून धोतराचं टोक फिरवून त्यांनी ते माझ्यापुढं धरलं. "हे वाच. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवनारा डायवर म्हंजे नळ उगडा ठेवून झोपनारा मानूस. आन तेबी लातुरात!"

माझा तोल गेला. "काका, शाळा आठवड्यावर आली! ह्या चाकूरपायी माझी नोकरी जाईल. आईनं दुसऱ्याच्या रानात वाकून मला शिकवलं ते काय ह्याच्यासाठी?"

 काका फ्रेम छातीशी धरून खाली गेले. जिन्याच्या वळणावर हॉर्न ऐकू आला नाही. मी सम्यकला खांद्यावर टाकून पुन्हा गॅलरीत फेऱ्या मारायला लागले. खालून नवरा-बायकोचं बोलणं येत होतं. काकूंचा आवाज वर चढायचा, काकांचा खाली बसायचा.

"अहो, थंडीच्या दिसात गाडी एकदा बंद केली की परत सुरू व्हायची न्हाई. धक्का मारायला लागायचा. मग चाकूरला इंजिन चालूच ठेवत होतात का न्हाई तुमी?"

"त्ये हिवाळ्यात."

"परवानगी होती?"

"हिवाळ्यात होती."

"मग हिवाळाच हाय आता."

"राजूची माय, उनानं डोकं फिरलं का? जून लागायलाय."

"मी म्हन्ते न्हवं. हिवाळा हाय."

 मग जिन्याच्या वळणावर ‘पोंऽऽप’ वाजलं आणि काका वर आले. बाहेर अंगाची लाही होत होती. सिमेंटच्या छतातून भट्टीसारखी वाफ खाली येत होती. आणि काकांच्या गळ्यात, कानावरून घेतलेला, लोकरीचा मफलर होता. कपाळावरून घाम निथळत होता. मागून काकू तुरीच्या डाळीचा डबा घेऊन आल्या.

"डबा कशाला, काकू?"

"काचा नगं का वाजायला? ह्यांच्या गाडीच्या काचा लई वाजायच्या."

त्या दिवशी गाडी सुटली. काका घुंकारत होते, काकू मागं बसून डबा एका लयीत हलवत होत्या, खुळ्ळ-खुळ्ळ, खुळ्ळ-खुळ्ळ. चाकूर आलं. ब्रेक लागला. इंजिन चालूच राहिलं, बारीक, घुर्रघुर्र करत. काकांचा चेहरा मात्र दाढ काढून घेत असल्यासारखा झाला होता. डिझेलचा जळणारा एकेक थेंब त्यांना दिसत होता. मग काकूंनी डब्यावर बोटानं दोनदा टकटक केली, गाडी निघाली आणि सम्यक झोपलेलाच राहिला. मी तोंडात पदर कोंबून रडले आणि हसले, दोन्ही.

शाळा उघडली, मी रुजू झाले. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत धावत जाऊन फोन लावला.

"काकू, कुठं आहे?"

"आष्टामोड सोडलं आत्ताच."

"झोपला का?"

"पेंगायलाय. ठेव फोन. चालकाशी बोलू नये असं लिवलेलं असतंय."

स्टाफरूममध्ये शेजारच्या बाईंनी काळजीनं विचारलं, "मुलगा प्रवासात आहे का तुमचा?" मी काय सांगणार होते? म्हणाले, "हो, रोजच असतो."

सगळं सुरळीत चाललं होतं. तरी माझ्या जिवाला थारा नव्हता. फळ्यावर पचनसंस्था काढताना हात जठरापाशी थांबायचा. आत्ता उठला असेल का? काका दमले असतील का? खोकला आला आणि गाडी मधेच बंद पडली तर? घरी पोचायची ती धापा टाकत, आणि तो झोपलेला दिसला तरी नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. काकू म्हणायच्या, "अगं बस की जरा." मी बसायची आणि लगेच उठायची. सम्यक झाल्यापासून मला सलग झोप अशी लागलीच नव्हती.

दिवस असे गेले. खरी थंडी पडली. काकांच्या मफलरला पहिल्यांदाच अर्थ आला. सम्यक आता भिंतीला धरून उभा राहायला लागला होता. एक दिवस मी शाळेतून आले तर काकू जिन्यातच बसल्या होत्या. मला हाताला धरून खाली बसवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "एक सांगू का? त्याला गाडी लागत न्हाई आता."

"म्हणजे?"

"आपलं आपन झोपतंय. मी डबा उचलायच्या आदीच. महिना झाला असंल."

"मग काकांना सांगा की. घसा बसलाय त्यांचा, बोलता येईना धड."

"तू सांग." काकू पायरीवरचा खडा उचलून बाजूला टाकत म्हणाल्या. "मला न्हाई जमायचं. आमचा राजू बारका होता ना, तवा दिवे लागायच्या टायमाला ह्यांची गाडी सुटायची. सकाळी हे यायचे तवा पोरगं शाळेत. लेकरू डोळे कसं मिटतंय ते ह्या मानसानं बगितलंच न्हाई कदी. आता राजू पुन्याला, त्याला लेकरू झालंय. फोनवर दिसतंय. पन फोनवर लेकरं जागीच दाखवतेत लोक."

 पण सांगायचं तर होतंच. त्या वयात रोज छाती फोडून गाडी चालवायची म्हणजे गंमत नव्हती.

शनिवारी शाळा अर्धी. घरी आले, चपला काढल्या आणि मनाशी वाक्य जुळवत खालच्या खोलीत गेले. पडदे ओढलेले होते. सम्यक गोधडीवर पालथा, एक गाल चेपून, गाढ झोपला होता. काकू शेजारणीकडं गेलेल्या. काका त्याच्याकडं पाठ करून, तोंड दाराकडं करून बसले होते. हात गोल धरलेले. गाडी चालू होती. इतकी हळू की दारात उभं राहूनच ऐकू यावी.

"काका," मी कुजबुजले, "झोपलाय तो. कधीचा."

"म्हाईत हाय."

"तुम्ही सुरू करायच्या आधीच झोपतो म्हणे आता."

"तेबी म्हाईत हाय." त्यांनी गिअर बदलला.

"मग थांबा ना. घसा बघा कसा झालाय."

काका थांबले नाहीत. मधेमधे इंजिन बारीक करून, घोगऱ्या आवाजात, समोर बघतच बोलत राहिले.

"संध्याकाळच्या गाडीला कसं असतंय, चाकूर सुटलं की आतले दिवे मी बंद करायचो. मग एकेक मुंडकं खाली. कुनी खिडकीला, कुनी शेजारच्याच्या खांद्यावर. वळखीचं न्हाई पाळखीचं न्हाई, माझं तोंड बी बगितलेलं न्हाई कुनी. तरी झोपायची. सगळी गाडी झोपायची, आन मी एकटा जागा. घरी आलो की राजूची माय म्हनायची, दमलाव का. मी म्हनायचो, न्हाई. खरंच दमायचो न्हाई गं. मग निवृत्त झालो, हार घातले, घरी सोडलं. आन तवापासून बग, माझ्या मागं कुनी झोपलंच न्हाई."

वळणावर त्यांनी हात पूर्ण फिरवला, सावकाश, कुणाचं डोकं खिडकीवर आपटू नये असा.

"आता मागं मानूस झोपलंय," ते म्हणाले. "मधीच गाडी सोडून कसं उतरू?"

मी जुळवलेलं वाक्य कुठं गेलं कोण जाणे. वर डबा घासायचा होता. चाचणीचे पेपर तपासायचे होते. विनोद संध्याकाळी येणार होता, त्याच्यासाठी भाकरी टाकायच्या होत्या. मी जायला वळले.

"तू कामून उभी?" काका म्हणाले. "तोंड बग कसं झालंय वाळून. बस मागं. जागा हाय."

"पाच मिनिटं बसते, काका."

मी सम्यकच्या शेजारी खाली बसले. भिंतीला पाठ टेकली. मग डोकं टेकलं. नाकाखाली बोट धरून त्याचा श्वास बघायचा राहिला, हे लक्षात आलं, पण हात उचलला नाही. काकांची पाठ समोर होती, रुंद, किंचित हलणारी. घुंकार फरशीतून माझ्या पायांत येत होता. अहमदपूर आलेलं मला आठवतं. कुणीतरी उतरलं, कुणीतरी चढलं. त्याच्या पुढं माळाकोळी लागतं. ते कधी गेलं, मला माहीत नाही.